औंधच्या राजाचे नमस्कार

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी तरुणपणी सॅंडोच्या पद्धतीने व्यायाम करत. युजेन सॅंडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध मल्ल. त्याची पुस्तके, डंबेल्स मागवून त्यांनी सुमारे दहा वर्षे नेमाने मेहनत केली. शरीर कमावलेही. पुढे मिरजेचे अधिपती बाळासाहेब यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग अखेरपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत. १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर बसले. त्यानंतर राजाची ही सवय हळूहळू सगळ्या संस्थानाची झाली.

मी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली. मुलांना रांगेत उभे करून नमस्कार घालून घेताना मला कायम औंध आठवे, कारण माझे आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकले होते. नमस्कार हा तिथे रोजचा, सक्तीचा विषय होता. सक्ती म्हटले की आपल्याला खटकते आणि ते बरोबरही आहे. पण आजोबा सांगत त्यात सक्तीपेक्षा वेगळी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मुलांना ठाऊक होते की आपण इथे वाकतोय त्याच सकाळी वाड्यात महाराजही वाकताहेत. राणीसाहेबही. बायकांनी नमस्कार घालावेत यासाठी पंतांनी जन्मभर आग्रह धरला आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. आपण करायचे नाही आणि पोरांना मात्र करायला लावायचे, हा प्रकार औंधात नव्हता.

नमस्कार काही पंतांनी शोधून काढले नाहीत. समर्थ रामदास नाशिकजवळ टाकळीला असताना रोज बाराशे नमस्कार घालत, असे परंपरा सांगते. तालमीतल्या पोरांनाही ते ठाऊक होते. दिनचर्येचा विचार तर त्याहून जुना. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात व्यायाम आपल्या ताकदीच्या निम्मा करावा, असे बजावले आहे. ही सूचना माझ्या फार आवडीची. नवा उत्साह चढलेला माणूस पहिल्या दिवशी शंभर घालतो, दुसऱ्या दिवशी मांड्या धरून बसतो आणि तिसऱ्या दिवशी सगळे सोडून देतो. पंतांची पद्धत अशी घाई करू देत नाही. दहा अवस्था ठरलेल्या, श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा हे ठरलेले आणि संख्या हळूहळू वाढवत न्यायची.

त्यातली साष्टांगाची अवस्था पाहा. कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे, दोन चवडे एवढेच जमिनीला टेकायचे. पोट उचललेले आणि श्वास सोडलेला. शाळेतली मुले इथे हमखास चुकतात, धपकन पोटावर पडतात. मी म्हणे, ‘‘सावकाश. हात पाय हलवू नका, आहेत तिथेच ठेवा.’’ पुढच्या नमस्काराला पुन्हा तेच हात, तीच जागा. दर नमस्काराआधी सूर्याचे एक नाव घ्यायचे: मित्र, रवी, सूर्य, भानू करत भास्करापर्यंत बारा. पंतांचा त्यातल्या बीजमंत्रांच्या उच्चारांवर मोठा भर होता. मला शिक्षक म्हणून दिसलेला फायदा साधा आहे. नाव, श्वास आणि आकडा एकदम सांभाळायचे असले की मन दुसरीकडे पळायला फारशी जागा उरत नाही. परीक्षेच्या दिवसांत रात्र रात्र झोप न येणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना मी आधी पहाटे ठरल्या वेळी उठायला लावी, उजेडात उभे करी आणि थोडेच नमस्कार घालून घेई. काही दिवसांत बहुतेकांची झोप ताळ्यावर येई. ज्यांची येत नसे त्यांच्या पालकांना बोलावून डॉक्टरकडे न्यायला सांगे. मनाचे दुखणे खोल गेलेले असेल तर नमस्कार हा त्यावरचा इलाज नव्हे. तिथे मानसोपचारतज्ज्ञच लागतो, आणि या बाबतीत मी कोणाचीही भीड ठेवली नाही.

पंतांची कीर्ती विलायतेत पोहोचली ती १९३६ मध्ये. ते तिकडे गेले असताना लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’ दैनिकाच्या लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्याशी बोलून लेख लिहिले आणि १९३८ मध्ये लंडनहून पंतांचे इंग्रजी पुस्तक मॉर्गनबाईंच्याच संपादनाखाली निघाले. एका चिमुकल्या संस्थानाचा अधिपती गोऱ्या वाचकांना अंगणात वाकायला शिकवतो, याचा मला अजून अभिमान वाटतो. औंधात तेव्हा पंडित सातवळेकरही राहत. १९१८ पासून त्यांचे वेदाभ्यासाचे आणि प्रकाशनाचे काम तिथूनच चाले, नमस्कारांचा प्रचारही ते करत. सातवळेकरांनी पुढे वयाची शंभरी ओलांडली. पंत ८२ वर्षांचे होऊन १९५१ मध्ये गेले. एकट्या नमस्कारांमुळे, असे मी म्हणणार नाही. पण दोघेही म्हातारपणी कामात होते हे खरे.

आज रथसप्तमीला मैदाने भरतात, हजारो मुले एकदम नमस्कार घालतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी मैदान रिकामे असते. दुसरीकडे मोबाईलवर सवयींची अॅप आहेत. ती वापरणारा माणूस एकटाच स्वतःशी झगडत असतो आणि दोन दिवस चुकले की स्वतःलाच दोष देत बसतो. औंधात चुकलेल्या मुलाला शेजारचा हाक मारी. सवय एकट्याच्या निश्चयावर सोडलेली नव्हती. तिला शाळेची घंटा होती, सोबत होती, वर खुद्द राजा होता. आपण मनःस्वास्थ्याच्या गप्पा मारतो तेव्हा नेमका हाच भाग वगळतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठरलेली दिनचर्या आणि सोबत माणसाला सावरते, हा विश्वास औंधने कैद्यांवरही टाकला. १९३९ मध्ये पंतांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. त्याची घटना गांधीजींच्या सल्ल्याने झाली आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन त्या कामात पुढे होते. त्याच सुमारास आटपाडी भागात कैद्यांसाठी स्वतंत्रपूर वसवले गेले. खून केलेल्या माणसांना तिथे भिंतीविना ठेवले, जमीन कसायला दिली. पहाटे उठणे, शेतावर जाणे, संध्याकाळी परत येणे, एवढाच बंदोबस्त. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. माडगूळकर स्वतः औंध संस्थानातले, औंधच्याच शाळेत शिकलेले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. स्वतंत्रपूरची वसाहत मात्र मोडली नाही. पुढे ती सरकारच्या तुरुंग खात्याकडे आली आणि तिथले कैदी बायकामुलांसह राहून शेती करत आले.