वाफ, हवा आणि एक रेघ

आता १९७२च्या इंग्लंडात येऊ. डेव्हनपोर्टच्या रुग्णालयात शिरेतून द्यायच्या डेक्स्ट्रोजच्या बाटल्यांतच जंतू निघाले. पाच रुग्ण दगावले. चौकशीत मूळ सापडलं ते एप्रिल १९७१मधल्या एका घाण्यात. ऑटोक्लेव्हमधली हवा पुरती बाहेर गेलीच नव्हती. हवा वाफेपेक्षा जड, ती तळाशी बसली. वरच्या बाटल्या तापल्या, खालच्या नाहीत. आता दाबाचा काटा बघून हे कळत नाही बरं का, हवासुद्धा दाब देतेच ना! १५ पौंड दाब म्हणजे १२१ अंश सेल्सिअस, हे गणित निव्वळ वाफेचं. तापमान नोंदणाऱ्या यंत्राची रेघ मात्र वर चढली नव्हती. पण यंत्रच बिघडलंय असं धरून कामगारांनी दुसऱ्या काट्यांवर भरवसा ठेवला. असे बिघाड नेहमीचेच होते. म्हणून आम्हाला एकट्या कामगारांना दोष देववत नाही.