रौजा : बादशहाच्या आधीचे खुलताबाद

आष्टी हे आमचे परतूर तालुक्यातले गाव. १९८१ साली जालना जिल्हा झाला, त्याआधी आमचा तालुका परभणीत होता. जिल्हा बदलला, पण जियारतीची वाट बदलली नाही. परतूर, जालना, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, मग दौलताबादचा किल्ला आणि घाट चढून खुलताबाद.

वर्गात आम्ही मुलांना विचारले, खुलताबाद कशासाठी प्रसिद्ध आहे? सर्वांचे एकच उत्तर आले : औरंगजेबाची कबर. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मार्च २०२५ मध्ये याच कबरीवरून वाद पेटला, नागपुरात दंगल झाली. तेव्हा आमच्या लक्षात आले की, आपलीच मुले या जागेला एका बादशहाच्या नावाने ओळखतात, मग इतरांना काय बोल लावावा?

या गावाचे जुने नाव रौजा. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद म्हणून राजधानीचा मान दिला. दिल्लीहून उलमा, कारागीर, सूफी दक्षिणेत आले. त्यांत दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब (रह.) होते. पुढे राजधानी परत दिल्लीला गेली, हजरत मात्र इथेच राहिले. १३३७ साली त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या मजलिसीतील बोल रुकनुद्दीन काशानी यांनी 'नफाइसुल अन्फास' या फारसी ग्रंथात टिपून ठेवले. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला त्यांचेच नाव आहे.

त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी (रह.) यांची हकीकत आम्हांला फार मोलाची वाटते. ते मोठे आलिम. समा म्हणजे सूफींची कव्वाली त्यांना मान्य नव्हती. बुऱ्हाणुद्दीनांवर त्यांनी टीकाही केली. पण शंका घेऊन ते त्यांच्या दारी गेले, समाधान झाले आणि मुरीद होऊनच राहिले. १३६९ साली ते वारले. प्रश्न विचारणाऱ्यालाच गुरूची गादी मिळाली, हे आपण विसरू नये.

याच जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात १७०७ साली औरंगजेबाला दफन केले. कबर मातीची, वर छप्पर नाही. मृत्यूनंतर त्याला 'खुल्दमकान' म्हणजे जन्नतनशीन म्हटले गेले, त्यावरून गावाचे नाव खुलदाबाद झाले. म्हणजे बादशहामुळे जागा पवित्र झाली नाही. जागा आधीच पवित्र होती, म्हणून बादशहा फकिराच्या पायथ्याशी येऊन निजला. १६२६ साली वारलेला, गुलामीतून वजिरीपर्यंत पोचलेला मलिक अंबरही इथेच आहे. निजाम घराण्याचा संस्थापक पहिला आसफजाह बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात आहे.

आपल्यातही एक वाद आहे. काहीजण म्हणतात, दर्ग्यावर जाणेच चूक. पैगंबरसाहेबांनी (स.) इबादतीच्या खास सवाबासाठी प्रवास करण्याजोग्या तीनच मशिदी सांगितल्या : मक्केची, मदिनेची आणि बैतुल मुकद्दसची. हे खरेच. पण कबरींच्या जियारतीची आधीची मनाई उठवून, तिने आखिरतची आठवण होते, असेही त्यांनीच सांगितले. तेव्हा मागायचे ते अल्लाहकडे. मजारीवर जायचे ते फातिहा पढायला आणि आपलाही दिवस आठवायला. या दोन्ही गोष्टी ध्यानी धरल्या तर भांडण उरत नाही.

आमच्या भागातील हिंदू बांधवही उरुसाला येतात, नारळ-फुले वाहतात. सात शतके ही माणसे कोणत्या राजाला भेटायला येत नव्हती. पुढच्या वर्षी आम्ही मुलांना तिथे नेणार आहोत. आधी बुऱ्हाणुद्दीन आणि जैनुद्दीन यांच्या मजारी दाखवू, मग मलिक अंबरची कबर. बादशहाची कबर शेवटी. इतिहासाचा क्रमही तोच आहे.