मैदान आखणारी पोरं-पोरी : नेटबॉलच्या निमित्ताने

फर्दापुरात इतिहासावर बोलायचं म्हटलं की सगळ्यांची नजर आपोआप अजिंठ्याच्या लेण्यांकडे वळते. आज तिकडे जायचं नाही. आज एका खेळाचा इतिहास सांगतो, आणि खेळापेक्षाही जास्त, तो खेळ फुकट राबून चालवणाऱ्या तरुणांचा. खेळ आहे नेटबॉल.

१८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने बास्केटबॉल काढला. दोनच वर्षांत तो इंग्लंडला मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या बाईंच्या कॉलेजात पोचला. हे कॉलेज मुलींना शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका बनवायचं. आता बघा, अंगात पायघोळ झगे, खाली गवत. चेंडू आपटत पळणार कसं? तेव्हा चेंडू आपटणं गेलं, फेकाफेक राहिली. १९०१ मध्ये नियम छापले गेले. कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरी जिथे जिथे शिकवायला गेल्या, तिथे तिथे हा खेळ गेला. प्रत्येक देशाचे नियम वेगळे होते. ते शेवटी १९६० साली एकत्र आले, आणि कुठे म्हणाल तर आपल्या शेजारी, श्रीलंकेत.

नियम थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. एका बाजूला सात खेळाडू. मैदान साधारण १०० फूट लांब, ५० फूट रुंद. दहा फुटी खांबावर नुसती कडी, मागे फळी नाही. चेंडू हातात आला की तीन सेकंदांत पुढे द्यायचा. अडवणारीने तीन फूट लांब राहायचं, अंगाला अंग लावायचं नाही. प्रत्येकीची जागा ठरलेली, ती छातीवरच्या अक्षरांवरून कळते. चेंडू आपटायचा नसल्यामुळे सिमेंटचं कोर्ट लागत नाही. मुरमाचं सपाट मैदान, फक्की आणि दोन खांब एवढ्यावर भागतं. विलायतेत झग्यांसाठी केलेली सोय आपल्या खेड्यातल्या मैदानाला अशी फिट्ट बसते!

पण फक्की मारणार कोण? खांब रोवणार कोण, गुण लिहिणार कोण, घड्याळ धरणार कोण? पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, दोन पंच, लेखनिक, वेळाधिकारी. ही माणसं पगारी कधीच नव्हती. इतिहासाच्या पुस्तकात विजेत्यांची नावं येतात, फक्की मारणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवत नाही.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात खो-खोचे नियम बसवले गेले. त्याच साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं, आणि १९३६ ला त्या मंडळाच्या पथकाने थेट बर्लिनला आपले देशी खेळ करून दाखवले. हे सगळं हौशी माणसांचं काम. मात्र सुरुवातीची ती मैदानं बहुतेक पुरुषांची होती, हेही सांगायला हवं. १९४१ नंतर राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर मुलं-मुली संध्याकाळी एकत्र खेळायला लागली आणि शाखा चालवायलाही लागली. माझ्या मते आपल्याकडच्या मैदानाच्या इतिहासात हे वळण फार मोठं आहे. मुलगी मैदानावर येते इतकंच त्यात नव्हतं. शिट्टी तिच्या हातात येते, हे त्यात होतं.

नेटबॉलकडे परत येतो. २००६ मध्ये नाझ फाउंडेशन या संस्थेने दिल्लीच्या गरीब वस्त्यांत 'गोल' नावाचा उपक्रम काढला. पुढे तो मुंबईतही आला. किशोरवयीन मुलींना नेटबॉल शिकवायचा, आणि खेळाच्या जोडीने आरोग्य, हक्क, पैशाचा हिशेब यावर बोलायचं. क्रिकेट घेतलं असतं तर मैदान आधीच पोरांनी अडवलेलं. नेटबॉल पोरांचा नव्हता, म्हणून त्यावर कुणी हक्क सांगायला आलं नाही. शिकलेल्या मुलींपैकी काही जणी धाकट्यांना शिकवायला उभ्या राहिल्या, काही पुढे मानधनावर प्रशिक्षक झाल्या. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचा नेटबॉल संघ उतरला. अंतिम सामना न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाविरुद्ध जादा वेळेनंतर आणखी जादा वेळ खेळून ६६-६४ ने जिंकला. पण मला त्या सामन्यापेक्षा वस्तीतली ती शिट्टी जास्त महत्त्वाची वाटते.

का ते सांगतो. आपल्याकडे मुलगी मोठी झाली की तिचं मैदान सुटतं. 'आता काय खेळत बसतेस' असं घरचे म्हणतात. पण तीच मुलगी 'लहान मुलींना शिकवायला जाते' म्हणाली तर तिला थोडी मोकळीक मिळते. शिकवणं हे काम ठरतं, खेळणं ठरत नाही. स्वयंसेवा ही अशा मुलींसाठी मैदानावर टिकून राहायची वाट झाली.

आणि इथेच एक अडचण आहे. फुकट वेळ देणं कुणाला परवडतं? जिमखान्यातल्या माणसाच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक दुसरं कुणीतरी करत होतं. आपल्या सोयगाव तालुक्यात दिवाळीनंतर कापूस वेचणी लागते. आईबरोबर शेतात गेलेली पोर अंधार पडता पडता घरी येते, मग पाणी, भाकरी, धाकटा भाऊ. तिला सेवाभाव शिकवायची गरज नाही, तो ती दिवसभर करतेच आहे. तिला पाहिजे तो मोकळा तास. म्हणून मानधनाचा मुद्दा मला गौण वाटत नाही. 'सेवेला पैसे कशाला' असं म्हणणाऱ्यांनी आधी त्या पोरीचा संध्याकाळचा तास कोण भरून देणार, ते सांगावं.

तेव्हा इथे कुणाच्या मनात असा खेळ सुरू करायचं असेल, तर खांब आणि चेंडू नंतर बघा. आधी चार-पाच घरी जाऊन विचारा, की वेचणीच्या दिवसांत मुलगी कुठल्या वेळी सुटते. सकाळची शाळा असेल तर दुपार आहे, नाहीतर रविवार आहे. त्या वेळेभोवती मैदान आखायचं.

बरं, आता प्रश्न घेऊ या. मागच्या बाजूला बसलेल्या मुलींपासून सुरुवात करू.