गारठलेला खाऊ

मंडळी, या वीकेंडचा विषय थंडगार आहे. टाकीतल्या माशांचा फ्रोझन खाऊ! आठवडाभर कोडशी मारामारी केल्यावर शनिवारी सकाळी मी टाकीसमोर बसतो तेव्हा हातात फ्रीजरमधून काढलेला एक तांबडा चौकोनी तुकडा असतो. हा तुकडा आमच्या पालेगावपर्यंत पोचला कसा, याची गोष्ट भलतीच रंजक आहे.

आधी जिवंत खाऊच होता. ट्युबिफेक्स नावाच्या लाल, दोऱ्यासारख्या अळ्या. दुकानदार पसरट ट्रेमध्ये पाण्याच्या बारीक धारेखाली त्यांचा गोळा ठेवतात आणि मासे त्यावर अक्षरशः तुटून पडतात. पण या अळ्या वाढतात कुठे? सांडपाण्याच्या गाळात, जिथे ऑक्सिजन नावालाच असतो. आता अंबरनाथकराला नाल्याचं काय कौतुक सांगायचं! जिच्या काठी १०६० सालचं शिवमंदिर उभं आहे ती वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाताना काय काय पोटात घेते ते आपण बघतोच. गाळातले जड धातू आणि जंतू अळीत जातात, अळीतून माशात.

मग स्वच्छ पर्याय कोणता? उत्तर मिठागरांत सापडलं. १९३३ मध्ये अमेरिकेत अल्विन सील यांनी आणि १९३९ मध्ये नॉर्वेत रोलेफसेन यांनी दाखवून दिलं, की आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा कोळंबीची पिल्लं माशांच्या पिल्लांना उत्तम चालतात. गंमत म्हणजे हीच आर्टेमिया १९५०च्या दशकात आपल्या मुंबईत, वडाळ्याच्या मिठागरांत नोंदली गेली. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, साधारण त्याच काळात. म्हणजे खाऊ होता दारातच!

पण जिवंत प्राणी टिकवायचे कसे? इथे क्लॅरेन्स बर्ड्सआय हे गृहस्थ येतात. १९१२ नंतरची काही वर्षं ते कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये होते. तिथले इनुइट लोक मासे पकडायचे, ते कडाक्याच्या थंडीत बघताबघता दगडासारखे गोठायचे आणि कित्येक दिवसांनी शिजवले तरी ताजे लागायचे. बर्ड्सआयने त्यातली मेख ओळखली. हळूहळू गोठवलं तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फाडतात. झटकन गोठवलं तर स्फटिक बारीक राहतात. १९३० साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डच्या दुकानांत त्याचा फ्रोझन माल विकायला आला. माणसांसाठीचं हेच तंत्र पुढे माशांच्या ताटात आलं.

आता तुम्ही म्हणाल, गोठवलं की प्रश्न मिटला. नाही ना! १९३२ साली मिनेसोटातल्या चॅस्टेक नावाच्या शेतकऱ्याचे पाळीव कोल्हे लुळे पडून मरायला लागले. कारण होतं आहारातला कच्चा कार्प मासा. त्यात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व तोडून टाकतं. काही मासे आणि शिंपल्यांत ते असतं, शिजवल्यावर नष्ट होतं, पण गोठवून नष्ट होत नाही. बरेच जंतूसुद्धा गोठून मरत नाहीत, नुसते थांबतात. आमच्या भाषेत सांगायचं तर फ्रीजर म्हणजे पॉज बटण, डिलीट नव्हे. म्हणून तर काही कंपन्या माल गॅमा किरणांखालून काढतात.

आणि पॉज तोवरच, जोवर वीज आहे! २००५ नंतरच्या काही वर्षांत मुंबई शहर उजळलेलं असायचं आणि अंबरनाथला तासन् तास लोडशेडिंग. अशा गावात फ्रोझन खाऊ ठेवणं म्हणजे जुगारच. पाकीट वितळायचं, वीज आली की पुन्हा गोठायचं. दिसायला तसंच, पण आत पेशी फुटलेल्या आणि जंतू वाढलेले. म्हणून आजही पाकिटातले तुकडे एकमेकांना चिकटून ओबडधोबड झाले असतील तर मी ते घेत नाही. तो एकदा वितळल्याचा पुरावा असतो.

घरीही करता येतं. ताजा जवळा किंवा करंदी स्वच्छ धुवून, पिशवीत अगदी पातळ थर करून आडवी ठेवायची. पातळ थर लवकर गोठतो, म्हणजे बर्ड्सआयचीच युक्ती. द्यायच्या वेळी हवा तेवढाच तुकडा मोडायचा, वाटीत टाकीतलंच पाणी घेऊन त्यात विरघळवायचा आणि वेगळ्या ठेवलेल्या चहाच्या गाळणीतून गाळायचा. ते लालसर पाणी टाकीत नको, त्याने शेवाळ माजतं. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच टाकायचं, उरलेलं पुन्हा गोठवायचं नाही. आणि रोज एकच पदार्थ नको, आलटून पालटून द्या. चॅस्टेकच्या कोल्ह्यांचा धडा तोच आहे.

असो. शंभर वर्षांत लॅब्राडोरचा बर्फ, वडाळ्याचं मीठ आणि मिनेसोटाचे कोल्हे एका वाटीत जमा झाले. आपल्या माशांना त्याचं सोयरसुतक नाही. त्यांना फक्त गाळणी दिसली की कळतं!