स्टेपनीची जागा

वाशी असो की पनवेल, मोटारीतल्या पाचव्या चाकाला आपण ‘स्टेपनी’च म्हणतो. स्टेपनी हे मुळात एका रस्त्याचे नाव आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. वेल्समधील लनेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर टॉमस मॉरिस डेव्हिस व वॉल्टर डेव्हिस या भावांचे दुकान होते. त्या काळी मोटारीला जादा चाक नसे. पंक्चर झाले की रस्त्याकडेला टायर उपसून ट्यूबला ठिगळ लावत बसावे लागे. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरची मोटार उतरवली, ती पंक्चर काढता काढता पार मागे पडली. डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये यावर तोड काढली. आरे नसलेली एक रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर! बसलेल्या चाकाला ती बाजूने पकडींनी आवळायची आणि पुढे निघायचे. इंग्लंड हा शब्द विसरले, आपण तो जपला.

गंमत अशी, की विजेची मोटार स्टेपनीहून वयाने मोठी आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी मोटार विजेचीच होती. २९ एप्रिल १८९९ रोजी कामी जेनात्झी या बेल्जियन चालकाने ती चालवली, तीही हवेच्या टायरवर. आज तीच विजेची मोटार स्टेपनीला घराबाहेर काढू पाहते आहे.

आपल्याकडे जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर लहान प्रवासी मोटारीत जादा चाक नसले तरी चालते. मोकळ्या झालेल्या जागेत मोठी बॅटरी बसवता येईल, हेही एक कारण सरकारने दिले होते.

जागेचे कारण पटते. वजन वाचल्याने मोटार जास्त अंतर जाते, हे कारणही सांगितले जाते. ते वर्गात तपासून पाहण्याजोगे आहे. चाकाचे वस्तुमान १८ किलोग्रॅम आणि लोटण-घर्षणाचा गुणांक ०.०१ धरा. जादा बल सुमारे १.८ न्यूटन येते. १०० किलोमीटरला कार्य होते १.८ लाख ज्यूल, म्हणजे ०.०५ युनिट. एवढ्या अंतराला मोटार १३ ते १५ युनिट वीज खाते. चढ आणि वेग घेण्याचा खर्च धरूनही ३०० किलोमीटरच्या पल्ल्यात फरक पडतो तो एक-दोन किलोमीटरचा. तेव्हा खरा प्रश्न जागेचा आणि किमतीचा आहे.

बदल्यात काय मिळते? ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसतो आणि हवा हळूहळू जाते, म्हणून दाबाची सूचना वेळेवर मिळणे मोलाचे. काही मोटारींत तर दाब मोजतच नाहीत, चाकांचे फेरे मोजतात. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या घटते, म्हणून ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेते! मग संचातला चिकट द्रव आत सोडून छोट्या पंपाने हवा भरायची. पण हा द्रव फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागातली बारीक भोके बुजवतो. पावसाळ्यात खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात टायरची बाजू चेचून फाटली, तर तो निरुपयोगी. बॅटरीमुळे मोटार जड असते, त्यामुळे हा आघातही जोरदार असतो.

अशा वेळी गाडी दोरी बांधून ओढून न्यावी म्हटले, तर तेही चालत नाही. चाकांबरोबर फिरणारी मोटर जनित्र बनते. म्हणून चालक चाके जमिनीवर टेकू न देता, शक्यतो सगळी गाडीच उचलून न्यावी लागते.

पाम बीच रोडवर रोज ये-जा करणाऱ्याला स्टेपनीची गरज नाही, असे माझे मत आहे. पंक्चरवाला दूर नसतो. अटल सेतूवर तर २१.८ किलोमीटरच्या वाटेत कडेला बसून चाक बदलणे हाच धोका. मात्र कोकणातल्या घाटांत, किंवा जून २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मुलाबाळांसह निघणाऱ्याने, मोटारीत जागा असेल तर स्टेपनी जरूर न्यावी, आणि जॅकही. जॅक मात्र पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणीच लावावा, कारण बऱ्याच मोटारींत बॅटरी तळाशीच पसरलेली असते.

आणि ज्यांच्याकडे केवळ संच आहे, त्यांनी द्रवाची बाटली काढून पाहावी. तिच्यावर मुदतीची तारीख छापलेली असते.