संततिनियमनाच्या साधनांची निवड : एक ऐतिहासिक टिपण

संततिनियमनाच्या चळवळीविषयी आपल्याकडे जे लेखन झाले आहे, त्यात नैतिक वादाला जितके स्थान मिळाले तितके प्रत्यक्ष साधनांना मिळालेले नाही. संततिनियमन करावे की न करावे यावर पुष्कळ शाई खर्च झाली. करावयाचे ठरल्यावर ते कोणत्या साधनाने, हा प्रश्न मात्र वैद्यकाचा म्हणून बाजूस ठेवण्यात आला. प्रस्तुत लेखकास ही विभागणी मान्य नाही. ‘परिणामकारक साधन’ या शब्दांत प्रत्येक काळाने निराळा अर्थ भरला, आणि त्या अर्थामागे साधन वापरणाऱ्या स्त्रीविषयीचे काहीएक मत दडलेले होते. १९२१ ते १९६८ हा कालखंड या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. कारण संप्रेरकांच्या गोळीस अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळाली असली, तरी या सबंध काळात भारतातील निवड मुख्यतः संप्रेरकविरहित साधनांतूनच होत होती.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत आपले केंद्र १९२१ साली सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे. गर्भाशयाच्या मुखावर बसवावयाची रबरी टोपी किंवा डायफ्रॅम, त्याच्या जोडीला एखादे शुक्रजंतुनाशक द्रव्य, आणि पुरुषाने वापरावयाचे रबरी आवरण, एवढाच त्या काळच्या केंद्रांचा मुख्य संभार होता. डायफ्रॅम स्त्रीच्या हाती राहणारे साधन होते, हा त्याचा मोठा गुण. परंतु ते मापाप्रमाणे निवडावे लागे, बसविण्यास शिकावे लागे, धुऊन जपून ठेवावे लागे. मुंबईतील बहुसंख्य कामगार कुटुंबे एका खोलीत राहत होती व नळ सामाईक असे, हे ध्यानात घेतले म्हणजे साधनाची परिणामकारकता रबराच्या गुणावर किती आणि पाणी व आडोसा यांवर किती अवलंबून होती, हे निराळे सांगावयास नको.

कर्व्यांचे वैशिष्ट्य असे की, साधन देऊन ते थांबले नाहीत. जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून ते वाचकांच्या शंकांना उत्तरे देत राहिले. ही उत्तरेच १९३४ च्या खटल्यास कारण झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बचावाचे काम चालविले, तथापि शिक्षा टळली नाही. अभ्यासकाने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पत्रे लिहिणारे बव्हंशी सुशिक्षित पुरुष होते. साधन ज्यांनी वापरावयाचे त्या स्त्रियांचा आवाज या सामग्रीत क्वचितच ऐकू येतो.

‘सुरक्षित काळा’चा इतिहास याहून चमत्कारिक आहे. स्त्रीबीज पाळीच्या सुमारास सुटते अशी एकोणिसाव्या शतकातील अनेक डॉक्टरांची समजूत होती; त्यामुळे दोन पाळ्यांमधला काळ निर्धोक म्हणून सांगितला जाई. म्हणजे नेमके धोक्याचे दिवस सुरक्षित ठरत! जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले की, बीज पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुटते. गणित सुधारले, पण या पद्धतीला आपल्याकडे जी प्रतिष्ठा लाभली ती गणितामुळे नव्हे. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यास गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधनांना गांधीजींचा विरोध कायम राहिला. सुरक्षित काळाविषयी मात्र, त्यात निदान काही दिवसांचा संयम आहे म्हणून, त्यांचा सूर सौम्य होता. १९५२ साली शासकीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्या निकटच्या अनुयायी होत्या. डॉ. अब्राहम स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे व दिल्लीच्या लोदी कॉलनीत जे प्रयोग झाले, ते याच पद्धतीचे होते. दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. पद्धत चिकाटीने पाळणारी जोडपी थोडीच निघाली. माळ घातली की गर्भ राहत नाही अशी काहींची समजूत झाल्याच्या कथा पुढे रंगवून सांगितल्या गेल्या. त्यांत स्त्रीच्या अज्ञानाला हसण्याचा भाग अधिक. ज्या घरात पतीला नकार देण्याची मुभा नाही तेथे मणी मोजून काय साधणार, हा प्रश्न त्या कथांत विचारलेला आढळत नाही.

या अपयशातून धोरणकर्त्यांनी जो धडा घेतला तो माझ्या मते अर्धाच होता. स्त्री साधन नीट वापरत नाही. तेव्हा रोज वापरावेच लागणार नाही असे साधन द्या, असा तो धडा. १९६५ साली पॉलिएथिलीनचा लूप मोठ्या प्रमाणावर आला. तो तंत्रदृष्ट्या निश्चितच सरस होता. परंतु रक्तस्राव, वेदना, लूप आपोआप पडून जाणे, या तक्रारी घेऊन स्त्रीने जावयाचे कोणाकडे? बसविण्याची उद्दिष्टे ठरली होती. बसविल्यानंतरच्या तपासणीची व्यवस्था तोकडी होती, आणि ग्रामीण भागात स्त्री-डॉक्टर दुर्मीळ. दोनतीन वर्षांतच लूपवरील विश्वास ओसरला. पुढे तांब्याची जोड मिळालेले साधन आले, आणि आपल्या बोलीने त्याला ‘तांबी’ हे सुटसुटीत नाव दिले. २००२ पासून शासकीय कार्यक्रमात आलेल्या ३८०-ए या प्रकाराने वर्षाला शंभरात एकीपेक्षाही कमी स्त्रियांना गर्भ राहतो. तरीही लूपच्या काळातील भीतीची सावली तांबीवर दीर्घकाळ राहिली.

निरोधचा मार्ग वेगळा होता. १९६८ साली तो १५ पैशांना तीन या दराने बाजारात आला, आणि चहा, साबण, सिगारेट व विजेरीचे सेल विकणाऱ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेतून खेड्यांतील दुकानांपर्यंत पोहोचला. अमेरिकेतील अंदाजांनुसार अशा आवरणाच्या अचूक वापरात वर्षाला शंभरात २ आणि प्रत्यक्ष व्यवहारात सुमारे १३ स्त्रियांना गर्भ राहतो. तांबीच्या तुलनेत हे साधन उणेच. मात्र ते घेण्यासाठी ना तपासणी लागे, ना कोणाची परवानगी. आणि नको वाटले तर टाकून देता येई. निवड अर्थात पुरुषाच्या हाती गेली. कर्व्यांच्या काळातील डायफ्रॅमला, म्हणजे स्त्रीने स्वतः बसवावयाच्या व स्वतः काढावयाच्या साधनाला, शासकीय कार्यक्रमात पुढे फारसे स्थान उरले नाही.