दारावरची टाइल

ठाण्यात किंवा डोंबिवलीत एखाद्या सोसायटीचा जिना चढताना दाराशेजारी पांढऱ्यावर निळ्या वेलबुट्टीची, घरमालकाचे आडनाव रंगवलेली टाइल दिसते. गोव्याच्या सहलीची ती आठवण. घरची मंडळी कौतुकाने सांगतात, ‘पोर्तुगीजांच्या काळापासूनची कला आहे!’ ते खोटे नाही. पण पोर्तुगीजांच्या आधी ती इटलीत बहरली होती, आणि गोव्यातले तिचे गाजलेले काम आपण समजतो तितके जुने नाही.

इटलीत या कामाला ‘मायोलिका’ म्हणतात. स्पेनची झळाळती भांडी मायोर्का बेटामार्गे इटलीत येत, त्यावरून हे नाव पडले असे मानले जाते. भाजलेल्या मातीवर कथलाच्या भस्माचा पांढरा लेप द्यायचा, तो कच्चा असतानाच रंगवायचे आणि पुन्हा भट्टीत घालायचे. कच्चा लेप रंग लगेच पितो, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा, मँगनीजचा जांभळा; आग सोसणारे रंग मोजकेच. चिप्रियानो पिकोल्पासोने १५५७च्या सुमारास ही सारी कृती सचित्र लिहून ठेवली. तोवर थाळ्यांवर पुराणकथांचे अख्खे प्रसंग रंगू लागले होते.

ही रंगवण्याची रीत थाळीवरून भिंतीवर नेणाऱ्यांत निकुलोसो हा एक. पिसाचा हा कारागीर सेव्हिलला स्थायिक झाला. १५०३ साली तिथल्या एका थडग्याच्या टाइलांवर त्याने स्वतःचे नाव घातले आणि आपण इटालियन असल्याचेही लिहिले. पुढे पोर्तुगालने हा प्रकार आपलासा केला. ‘अझुलेजो’ हा शब्द निळ्या रंगावरून आला असे वाटते, पण त्याचे मूळ अरबी आहे. निळ्या-पांढऱ्याची आवड लागली ती चिनी भांड्यांमुळे, आणि मकावहून लिस्बनला जाणारी ती भांडी गोव्यावरूनच जात. म्हणजे निळा रंग आधी आपल्या किनाऱ्यावरून युरोपात गेला. टाइल होऊन परतला तो फार नंतर.

पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग टाइलांवर आहेत. पर्यटक ते शतकानुशतकांचे समजून पाहतात. चित्रकार जॉर्ज कोलासो, साल १९३५. प्रभातचा ‘धर्मात्मा’ आला तेच वर्ष! दुकानांतल्या आजच्या टाइला तर त्याहून अलीकडच्या. पोर्तुगालात शिकून आलेल्या ऑर्लांडो द नोरोन्हा यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पणजीत हे काम नव्याने उभे केले.

म्हणून ‘अँटिक’ म्हणून कुणी अशी टाइल पुढे केली, तर आधी ती उलटी करावी. मागे कारखान्याच्या साच्याच्या सरळ उभार रेघा असतील तर वयाची कथा तिथेच संपते. इटालियन थाळीच्या तळाशी देशाचे नाव असेल, तर ती बहुधा १८९१ नंतरची. आयात मालावर देशाचे नाव हवे, असा अमेरिकी कायदा तेव्हा लागू झाला. नुसत्या बारीक तड्यांवर मात्र विसंबू नये, ते मुद्दामही पाडता येतात. टवका उडालेला असेल तर आतली माती बघावी: जुन्या कामात ती पिवळसर किंवा तांबूस, भुसभुशीत असते, नव्या कारखानी टाइलमध्ये बहुधा पांढरी आणि घट्ट.

दाराशेजारी सिमेंटने बसवलेली टाइल उलटी करता येत नाही. तिचा कोपरा बघावा.